शाईतला शिशिर : जपानी चित्रकलेतील पक्षी आणि हिवाळी फुले

केवळ काळी शाई आणि पाणी यांच्या कमीअधिक प्रमाणातून साकारणाऱ्या चित्रप्रकाराला जपानमध्ये ‘सुइबोकुगा’ म्हणतात. तेराव्या शतकात रुजलेल्या आणि एकोणिसाव्या शतकापर्यंत अखंड चाललेल्या या परंपरेने जे विषय पुन्हा पुन्हा हाताळले, त्यांत बर्फाने वाकलेल्या फांदीवरचा पक्षी आणि त्याच फांदीवर उमललेली फुले हा विषय अग्रभागी आहे. वरकरणी तो निसर्गप्रेमाचा, काहीसा निरुपद्रवी विषय वाटतो. प्रत्यक्षात तो चीनमधून नैतिक प्रतीक म्हणून तयार स्वरूपात आला, मठाच्या खोलीतून सरदारांच्या दिवाणखान्यात गेला, तेथे सत्तेची भाषा बोलू लागला, आणि शेवटी भाजीविक्रेत्याच्या व कवीच्या हाती पडल्यावर प्रतीकाचा भार उतरवून खऱ्या पक्ष्याचा आणि खऱ्या थंडीचा झाला. चित्र कोणी मागवले आणि ते कोठे लावले जाणार होते, यावरच फांदीवरचा पक्षी काय म्हणतो हे प्रत्येक टप्प्यावर ठरत गेले.

या विषयाची मुळे चीनच्या सोंग राजवटीत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकांच्या दरम्यान सापडतात. फुले आणि पक्षी हा तेथे चित्रकलेचा स्वतंत्र विभाग मानला जाई, आणि बाराव्या शतकाच्या पहिल्या पावात राज्य करणारा सम्राट हुइझोंग स्वतः पक्ष्यांची अत्यंत बारकाईने रंगवलेली चित्रे काढत असे. परंतु दरबारातील ही रंगीत, नाजूक शैली एकीकडे बहरत असताना दुसरीकडे भिक्षू आणि विद्वान अधिकारी यांनी केवळ शाईने फुले काढण्याचा वेगळा मार्ग धरला. हूनान प्रांतातील एका मठाचा प्रमुख असलेला झोंगरेन हा भिक्षू शाईतल्या प्लमचा जनक समजला जातो. थंडी सरण्याआधी, पाने फुटण्याच्याही आधी, काळ्या खरखरीत फांदीवर फुलणारे हे झाड वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने जर्दाळूचे जवळचे नातेवाईक असून जपानी लोक त्याला ‘उमे’ म्हणतात. प्रतिकूल काळात ताठ राहणारा, दरबाराची हांजी हांजी न करणारा विद्वान या झाडात स्वतःला पाहू लागला. हांगझोऊच्या पश्चिम सरोवराकाठी एकांतात राहिलेला कवी लिन बू (९६७–१०२८) याने उमेच्या झाडांना पत्नी आणि क्रौंच पक्ष्यांना मुले मानले, अशी आख्यायिका पुढच्या चित्रकारांना शेकडो वर्षे पुरली. पाइन, बांबू आणि उमे यांना ‘हिवाळ्याचे तीन मित्र’ म्हणण्याचा प्रघात पडला तो याच वातावरणात. तेराव्या शतकातील झाओ मेंगजियान याने या मंडळींत नरगिसाच्या फुलाची भर घातली आणि केवळ रेषेच्या बळावर त्याला शाईत मानाचे स्थान मिळवून दिले.

ही प्रतीके जपानमध्ये पोहोचली तेव्हा जमीन नापीक नव्हती. उमे चीनमधूनच आलेले असले तरी ते जपानी अभिजनांच्या बागांत केव्हाच रुळले होते, आणि आठव्या शतकातील ‘मान्योशू’ या सर्वांत जुन्या जपानी काव्यसंग्रहात चेरीच्या फुलांपेक्षा उमेवरच्या कविता अधिक आहेत. शिवाय या झाडाला एक दैवतही लाभले होते. सुगावारा नो मिचिझाने (८४५–९०३) हा विद्वान मंत्री दरबारी कारस्थानाला बळी पडून ९०१ मध्ये क्यूशू बेटावरील दाझाइफू येथे हद्दपार झाला आणि तेथेच मरण पावला. त्यानंतर राजधानीवर कोसळलेली संकटे त्याच्या क्षुब्ध आत्म्यामुळेच आली असे मानून त्याला ‘तेन्जिन’ या नावाने देव करण्यात आले. त्याच्या आवडीचे उमेचे झाड त्याच्या मागोमाग दाझाइफूपर्यंत उडत गेले ही कथा सर्वतोमुखी झाली आणि त्याच्या देवळांभोवती उमेच्या बागा उभ्या राहिल्या. उमेच्या फांदीवर ‘उगुइसु’ हा वटवट्यासारखा छोटा गाणारा पक्षी बसवण्याचा काव्यसंकेतही दरबारी कवितेने आधीच पक्का केला होता.

येथे ऋतूंचा एक गुंता समजून घेणे आवश्यक आहे. जुन्या चांद्र पंचांगानुसार जपानी नववर्ष सामान्यतः जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत केव्हातरी येई आणि त्याच दिवशी वसंताचा आरंभ मानला जाई, तर उमेही त्याच सुमारास, पुष्कळदा बर्फ अंगावर घेऊनच फुलू लागते. त्यामुळे कवितेत ते वसंताचे पहिले फूल ठरले आणि ‘तीन मित्रांच्या’ चिनी संकेतानुसार चित्रात ते हिवाळ्याचे राहिले. या दुहेरी नात्याचा चित्रकारांनी पुरेपूर उपयोग करून घेतला. चार ऋतूंचे सलग चित्र काढताना उमे आरंभीही चालत असे आणि शेवटीही, त्यामुळे ऋतुचक्र मिटल्याचा भास आपोआप साधत असे.

तेराव्या शतकात कामाकुरा येथील लष्करी राजवटीने झेन या ध्यानमार्गी बौद्ध पंथाला आश्रय दिला, आणि मंगोल आक्रमणाने अस्वस्थ झालेल्या चीनमधून अनेक विद्वान भिक्षू जपानमध्ये आले. १२५३ मध्ये स्थापन झालेला केन्चो-जी आणि १२८२ मध्ये स्थापन झालेला एन्गाकु-जी हे कामाकुरातील दोन्ही मोठे मठ अशाच चिनी भिक्षूंच्या हातून उभे राहिले. उलट दिशेने जपानी भिक्षू चीनला जात, वर्षानुवर्षे राहत, आणि परतताना सूत्रग्रंथांबरोबर चित्रांच्या गुंडाळ्याही आणत. या आयातीतून जपानला मिळालेला सर्वांत प्रभावी चित्रकार म्हणजे तेराव्या शतकातील भिक्षू मुची, ज्याचे नाव जपानी ‘मोक्केइ’ असे उच्चारतात. क्योतोच्या दाइतोकु-जी मठात असलेली त्याची तीन चित्रे, मध्ये अवलोकितेश्वर, एका बाजूला बांबूच्या वनातून डौलात चालत येणारा क्रौंच आणि दुसऱ्या बाजूला पिल्लाला कवटाळून बसलेली वानरी, पुढच्या तीनशे वर्षांच्या जपानी चित्रकलेची पाठशाळा ठरली. चिनी समीक्षकांनी मुचीला ओबडधोबड ठरवून बाजूला सारले, त्यामुळे त्याची आज उरलेली महत्त्वाची चित्रे जपानमध्येच आहेत. एका देशाने टाकून दिलेला चित्रकार दुसऱ्या देशात आदर्श व्हावा, याची इतकी ठळक उदाहरणे कलेच्या इतिहासात फार नाहीत.

भिक्षूंना उमे जवळचे वाटण्यामागे धर्माचेही कारण होते. दीर्घ ध्यानानंतर अचानक होणारा बोध आणि लांबलेल्या थंडीनंतर एका रात्रीत उमलणारे फूल यांची सांगड झेन साहित्यात वारंवार घातली जाई. पंधराव्या शतकात तर देशी देव आणि चिनी पंथ यांचे मनोमीलन घडवणारी एक विलक्षण प्रतिमा लोकप्रिय झाली. दहाव्या शतकाच्या आरंभीच निवर्तलेला तेन्जिन दैवी सामर्थ्याने समुद्र ओलांडून चीनमध्ये गेला आणि मुचीचाही गुरू असलेल्या वूझुन शिफान याच्याकडे झेनची दीक्षा घेऊन आला, अशी ही कल्पना होती. चित्रात तो चिनी वेषात, हातात उमेची डहाळी घेऊन उभा असतो. कालगणनेच्या दृष्टीने ही गोष्ट अशक्य असली तरी, परका पंथ आपला करून घेताना एका फुलाने केलेली मध्यस्थी म्हणून ती बोलकी आहे.

विषयाइतकाच विचार माध्यमाचाही करावा लागतो, कारण हिवाळा आणि शाई यांचे सख्य केवळ भावनिक नाही. जपानी शाई, म्हणजे ‘सुमी’, ही पाइनच्या लाकडाची किंवा तेलाच्या दिव्याची काजळी प्राण्यांच्या कातड्यापासून काढलेल्या सरसात मळून, लाकडी साच्यात दाबून आणि दीर्घकाळ वाळवून केलेली कांडी असते. चंदन उगाळावे तशी ती दगडी सहाणेवर पाणी घालून उगाळली की हवी तेवढी गडद किंवा फिकट शाई मिळते. उष्ण हवेत सरस नासतो, म्हणून नारा या शाईच्या माहेरघरात तिचे उत्पादन आजही थंडीच्या महिन्यांतच चालते. तेथील १५७७ पासून चालू असलेल्या प्रख्यात शाईघराचे नाव ‘कोबाइएन’, म्हणजे ‘जुन्या उमेची बाग’, असे आहे.

शाई एकदा कागदाने शोषली की पुसता येत नाही आणि तिच्यावर पांढरा रंग चढवणे हे शाईचित्रकाराला कमीपणाचे वाटे. मग बर्फ, बगळा किंवा पांढरे फूल दाखवायचे कसे? यावर काढलेला तोडगा असा, की पांढरी वस्तू काढायचीच नाही. तिच्या भोवतीचे आकाश फिकट शाईने धुऊन काढायचे आणि मधला कागद कोरा सोडायचा, म्हणजे तो कोरा भागच बर्फ होतो. हिवाळ्याचा देखावा हा या माध्यमाला म्हणूनच सर्वांत मानवणारा विषय आहे, कारण त्यात चित्राचा मोठा भाग आधीपासून तयार असतो आणि चित्रकाराचे कौशल्य तो न बिघडवण्यात असते. उमेच्या जुन्या खोडासाठी कुंचला जवळजवळ कोरडा करून, केस विस्कटून ओढत, त्यामुळे सालीचा खरखरीतपणा आपोआप उमटे. कोवळी, सरळ वर जाणारी डहाळी मात्र ओल्या कुंचल्याच्या एकाच झटक्यात, श्वास रोखून काढावी लागे. पक्ष्याच्या बाबतीत पाठ आणि पंख ओल्या छटेने, बाह्यरेषा न काढता भरून, चोच, डोळा आणि पाय तेवढे गडद शाईने ठसवण्याची मुचीची रीत सर्वमान्य झाली.

चौदाव्या शतकात सत्ता क्योतोच्या आशिकागा घराण्याकडे आली आणि चिनी चित्रे ही धर्मसाधनेपेक्षा संग्रहाची वस्तू बनू लागली. मिंग चीनशी व्यापार उघडणारा शोगून, म्हणजे सर्वोच्च लष्करी शासक, योशिमित्सू आणि त्याचा नातू योशिमासा यांनी जमवलेल्या संग्रहात मुचीचा वाटा फार मोठा होता. संग्रहाची नोंद ठेवणे, अस्सल-नक्कल पारखणे, आणि कोणत्या प्रसंगी कोणते चित्र कोठे लावायचे हे ठरवणे यासाठी शोगूनच्या पदरी कलापारखी मंडळी होती. त्यांतला नोआमी (१३९७–१४७१) स्वतःही चित्रकार होता. १४६९ मध्ये त्याने घडीच्या पडद्यावर शाईत फुले-पक्षी रंगवले, आणि त्यांतील पक्षी बव्हंशी मुचीच्या निरनिराळ्या चित्रांतून उचलून एकत्र मांडले. त्यांत तुरेवाली साळुंकी आहे, जी दक्षिण चीनची रहिवासी असून जपानच्या रानात आढळत नव्हती. चित्रकार जे झाड आणि जो पक्षी काढत होता तो खिडकीबाहेरचा नसून गुंडाळीतला होता, ही या काळाची मर्यादा होती.

त्याच वर्षी एक जपानी भिक्षू चीनहून परतला. बित्चू प्रांतात १४२० मध्ये जन्मलेला सेश्शू तोयो क्योतोच्या शोकोकु-जी मठात घडला, पुढे पश्चिमेकडील ओउची सरदारांच्या आश्रयाने यामागुची येथे राहिला आणि १४६७ मध्ये त्यांच्या व्यापारी जहाजातून मिंग चीनला गेला. त्याच सालापासून क्योतोत ओनिन युद्ध पेटले आणि दहा वर्षांत राजधानीचा बहुतांश भाग बेचिराख झाला. त्यामुळे भिक्षू, कवी आणि चित्रकार प्रांतोप्रांती पांगले, आणि शाईची कलाही त्यांच्याबरोबर पसरली. सेश्शूने चीनमध्ये जे पाहिले ते बारकाईने पाहिले, तरी १४९५ मध्ये एका चित्रावर लिहिलेल्या मजकुरात त्याने गुरुत्वाचा मान जोसेत्सू आणि शूबुन या आपल्या मायदेशच्या पूर्वसूरींना दिला. क्योतोच्या राष्ट्रीय संग्रहालयात असलेल्या, त्याच्या मानल्या जाणाऱ्या फुले-पक्ष्यांच्या जोडपडद्यांवर पाइन, क्रौंच आणि बर्फ साचलेले उमे दिसते. या झाडांची खोडे मुचीच्या धूसर छटांत विरघळत नाहीत, ती टोकदार, कोनाकोनांनी वळलेली आणि चित्राच्या कडा फोडून बाहेर जाणारी आहेत. थंडी येथे प्रथमच कठीण, हाताला लागणारी वाटते.

पुढचा बदल वास्तुरचनेने घडवला. मठप्रमुखाच्या निवासस्थानातील खोल्या ‘फुसुमा’ म्हणजे कागद लावलेल्या सरकत्या दरवाजांनी विभागलेल्या असत, आणि सोळाव्या शतकात हे दरवाजे सलग रंगवण्याची पद्धत रूढ झाली. गुंडाळीवरची हातभर फांदी आता तीन भिंतींवर पसरणार होती, आणि एवढे काम एकट्या भिक्षूच्या आवाक्यातले नव्हते. ही गरज कानो घराण्याने ओळखली. हे गृहस्थी, व्यावसायिक चित्रकार होते, आणि त्यांच्यातला मोतोनोबू (१४७६–१५५९) याने सुलेखनातील रेखीव, मध्यम आणि मोकळी अशा तीन वळणांवरून चित्राच्या तीन शैली ठरवून दिल्या, ज्यामुळे अनेक शिष्य एकाच हाताने काढल्यासारखे काम करू शकत. दाइतोकु-जी मठसमूहातील दाइसेन-इन येथे १५१३ च्या सुमाराची त्याची फुले-पक्ष्यांची चित्रमालिका याच पद्धतीचे फळ आहे.

त्याचा नातू एइतोकू (१५४३–१५९०) याने याच मठसमूहातील जुको-इन या उपमठाच्या मुख्य दालनात, विशीत असतानाच, जे केले ते मात्र पद्धतीत मावणारे नाही. जुको-इन १५६६ मध्ये मियोशी नागायोशी या सरदाराच्या स्मरणार्थ उभारला गेला. त्याच्या सोळा दरवाजांवर शाई आणि सोन्याची पुसट छटा एवढ्याच साधनांनी चार ऋतू रंगवलेले आहेत. पूर्वेकडे उमेचे प्रचंड खोड प्रवाहावरून झेप घेत, वळत, पुन्हा उसळत कित्येक दरवाजे व्यापते. दरवाजांच्या चौकटी त्याला अडवू शकत नाहीत, आणि फांद्यांवरचे लहान पक्षी त्या उसळीने जणू हलताना दिसतात. उमे म्हटले की सोशीक विद्वान आठवावा ही जुनी अपेक्षा येथे कोलमडते. हे झाड सोसत नाही, चाल करून जाते. यादवी युद्धांच्या त्या शतकात सत्तेवर आलेल्या सरदारांना याहून सोयीचे झाड मिळणे कठीण होते.

त्याची पावती लवकरच मिळाली. त्या सरदारांपैकीच एक असलेल्या ओदा नोबुनागाने बिवा सरोवराकाठी १५७६ मध्ये आझुची किल्ल्याचे बांधकाम सुरू केले आणि आतील चित्रकाम एइतोकूकडे सोपवले. नोबुनागाचा चरित्रकार ओता ग्यूइची याने किल्ल्याच्या दालनांचे जे वर्णन लिहून ठेवले आहे, त्यात बारा चटयांच्या एका दालनात एइतोकूने काळ्या शाईत उमे काढल्याची, आणि चित्रांच्या जागा सर्वत्र सोन्याने मढवल्याची नोंद आहे. हंसांच्या चित्रावरून ‘हंस-दालन’ म्हणून ओळखली जाणारी खोली आणि पिल्लांवर माया करणारे फेझंट पक्षी यांचाही त्यात उल्लेख येतो. झेन भिक्षूचा साधेपणा आणि विजेत्याची श्रीमंती एकाच भिंतीवर नांदत होती. १५८२ मध्ये नोबुनागाचा अंत झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच किल्ला जळाला, त्यामुळे ते उमे आता केवळ ग्यूइचीच्या शब्दांत उरले आहे.

एइतोकूचा प्रतिस्पर्धी हासेगावा तोहाकू (१५३९–१६१०) नोतो द्वीपकल्पातील नानाओ गावातून क्योतोत आला, तेव्हा त्याच्यामागे कानोंसारखे घराणे नव्हते. दाइतोकु-जीमध्ये मुचीची चित्रे प्रत्यक्ष पाहण्याची संधी मिळाल्यावर त्याने ती अधाशासारखी अभ्यासली. पण पाइनवरचे कावळे आणि विलोवरचे बगळे असे जे जोडपडदे त्याने काढले, त्यांत त्याने मुचीच्या तुरेवाल्या साळुंकीची उचलबांगडी करून तिच्या जागी दाराशी ओरडणारा साधा कावळा बसवला, तोही घरट्यात पिल्लांना पांघरून बसलेला. कावळ्याला तोवर या परंपरेत फारशी प्रतिष्ठा नव्हती. नोआमीपासून तोहाकूपर्यंतच्या शंभरेक वर्षांत पक्षी गुंडाळीतून उतरून अंगणात आला, आणि या इतिहासातील हा सर्वांत मोलाचा बदल मानावा लागेल.

१६०३ मध्ये तोकुगावा राजवट सुरू झाली, युद्धे थांबली, आणि कानो घराणे शोगूनचे अधिकृत चित्रकार झाले. एइतोकूचा नातू तान्यू (१६०२–१६७४) याने १६३४ मध्ये, शोगून इएमित्सूच्या क्योतो यात्रेतील मुक्कामासाठी, नागोया किल्ल्याच्या राजवाड्यात बर्फातील उमे, बांबू आणि पक्षी रंगवले. आजोबाने दालन झाडाने भरून टाकले होते, नातवाने ते जवळजवळ रिकामे ठेवले. कोपऱ्यातून एक फांदी येते, तिच्यावर थोडे बर्फ, एखादा पक्षी, आणि मग सोनेरी धुक्यासारखी पुसट पोकळी. ज्याची सत्ता निर्विवाद आहे त्याला गर्जना करावी लागत नाही. हा संयम तान्यूच्या हाती अप्रतिम दिसतो. पुढच्या पिढ्यांनी मात्र घराण्याच्या नमुना-वह्यांतून त्याच फांद्या आणि तेच पक्षी गिरवत राहण्याचा धोपटमार्ग धरला, आणि शंभर वर्षांत कानो शैली सरकारी दस्तऐवजासारखी निर्जीव झाली.

जिवंतपणा टिकला तो चाकोरीबाहेरच्या लोकांमध्ये. तलवारबाज म्हणून दंतकथा बनलेला मियामोतो मुसाशी (मृत्यू १६४५) याने काढलेले निष्पर्ण डहाळीवरच्या खाटीक पक्ष्याचे चित्र याची साक्ष देते. खालून वर एकाच दमात गेलेली लांबलचक डहाळी, तिच्या शेंड्याजवळ हे भक्ष्य काट्यावर टांगून ठेवणारे पाखरू, आणि मधोमध तीच डहाळी चढत असलेला एक किडा, एवढेच त्यात आहे. काय होणार हे पाहणाऱ्याला कळते, चित्र मात्र त्याविषयी अवाक्षर काढत नाही.

अठराव्या शतकात दोन बाहेरचे प्रवाह येऊन मिळाले. १७३१ मध्ये शेन नानपिन हा चिनी चित्रकार नागासाकीला आला आणि दोनेक वर्षांच्या मुक्कामात रंगीत, तंतोतंत फुले-पक्ष्यांची गोडी लावून परतला. चिनी ‘मोहरीच्या दाण्याएवढी बाग’ या चित्रपुस्तकाच्या जपानी आवृत्तीमुळे उमे, बांबू आणि पक्षी काढण्याचे धडे घराण्याच्या शिष्यत्वाविना कोणालाही मिळू लागले. क्योतो-ओसाकाच्या व्यापारी वर्गाकडे आता पैसा आणि सवड दोन्ही होते, आणि त्यांच्या घरातही चित्र लावण्याचा कोनाडा, म्हणजे ‘तोकोनोमा’, आला होता. तेथे ऋतूनुसार गुंडाळी बदलण्याची रीत असल्याने हिवाळ्याच्या चित्राला कायमचा ग्राहक मिळाला.

याच समाजातून इतो जाकुचू (१७१६–१८००) पुढे आला. क्योतोच्या निशिकी बाजारातील भाज्यांच्या घाऊक पेढीचा हा थोरला मुलगा चाळिशीत दुकान भावाकडे सोपवून चित्रांना वाहून घेता झाला. अंगणात कोंबड्या पाळून त्यांचे निरीक्षण करणाऱ्या जाकुचूची बर्फातील मंदारिन बदके आणि उमेवरचे पक्षी यांची रंगीत रेशमी चित्रे विख्यात आहेतच, पण शाईत त्याने केलेला प्रयोग अधिक मूलगामी होता. विशिष्ट चिनी कागदावर शाईचे दोन ओले ठिपके शेजारी शेजारी टेकवले, तर ते पसरून एकमेकांत मिसळत नाहीत, मध्ये केसाएवढी पांढरी रेघ राखतात, हे त्याने हेरले आणि त्या आपोआप उमटणाऱ्या रेघांतून कोंबड्याची पिसे आणि शेवंतीच्या पाकळ्या घडवल्या. कोऱ्या कागदातून बर्फ दाखवण्याच्या जुन्या युक्तीचे हे पिसापिसात उतरलेले रूप म्हणता येईल. १७८८ च्या महाआगीत क्योतोबरोबर त्याचे घरही गेले, आणि म्हातारपणी तो फुशिमीच्या सेकिहो-जी मठाजवळ राहून एका चित्राला एक ‘तो’, म्हणजे सुमारे अठरा लिटर तांदूळ, या दराने चित्रे देऊ लागला.

जाकुचूच्याच वर्षी जन्मलेला योसा बुसोन हा हायकू-कवी म्हणून अधिक ओळखला जातो. त्याची घार आणि कावळे ही चित्रजोडी या साऱ्या परंपरेचा कळस आहे. एका चित्रात वादळी पावसात फांदीला नखांनी घट्ट धरून बसलेली घार आहे. दुसऱ्यात बर्फ पडत असताना एकमेकांना खेटून, अंग आखडून बसलेले दोन कावळे आहेत. हे कावळे कोणाच्या शीलाचे किंवा सत्तेचे प्रतीक नाहीत. त्यांना थंडी वाजते आहे आणि ते थंडी जाण्याची वाट पाहत आहेत, एवढेच चित्र सांगते, आणि तेवढे सांगण्यासाठी परंपरेला पाचशे वर्षे लागली. समकालीन मारुयामा ओक्यो (१७३३–१७९५) याने बर्फातील पाइनच्या पडद्यांवर कोऱ्या कागदाचा बर्फ तांत्रिक पूर्णतेला नेला. त्यातील सफाई थक्क करते, परंतु बुसोनच्या कावळ्यांइतकी ती बोचत नाही.

१८६८ नंतरच्या मेइजी काळात पाश्चात्त्य तैलचित्रांच्या लाटेत शाईचे काय करायचे हा प्रश्न उभा राहिला. ओकाकुरा काकुझो या कलाचिंतकाच्या प्रेरणेने योकोयामा ताइकान आणि हिशिदा शुन्सो यांनी रेषाच काढून टाकून केवळ धूसर छटांनी चित्र रचण्याचा प्रयत्न केला, आणि मायदेशी त्याची बरीच टवाळी झाली. हे दोघे १९०३ मध्ये कोलकात्यास आले, ठाकूर कुटुंबाच्या संपर्कात राहिले, आणि ओला कुंचला फिरवून छटा विरघळवण्याची त्यांची रीत पाहून अवनींद्रनाथ ठाकूर यांनी आपले ‘वॉश’ तंत्र घडवले. बंगाल शैलीतील जो धूसरपणा भारतीय प्रेक्षकाला परिचित आहे, त्याच्या मुळाशी अशा रीतीने शाईच्या परंपरेचाही एक धागा आहे. देवघेव एकतर्फी नव्हती. अराइ काम्पो हा जपानी चित्रकार १९१६ मध्ये भारतात आला आणि त्याने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या नकला केल्या.

नागोयाच्या राजवाड्याची अखेर १९४५ च्या मे महिन्यातील बाँबहल्ल्यात झाली, पण सरकते दरवाजे त्याआधीच काढून सुरक्षित हलवलेले असल्याने तान्यूचे उमे वाचले. राजवाडा पुन्हा बांधून २०१८ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा मूळ दरवाजे जपून ठेवून दालनांत हुबेहूब प्रतिकृती बसवण्यात आल्या. शाई टिकाऊ असली तरी कागद आणि रेशीम प्रकाशाने झिजतात, म्हणून मूळ चित्रे वर्षातून काही आठवडेच मांडली जातात. जपानला जाणाऱ्या मराठी वाचकांनी चेरीच्या बहराच्या गर्दीत जाण्याऐवजी फेब्रुवारीची निवड करावी आणि संग्रहालयांचे प्रदर्शन-वेळापत्रक आधी पाहून ठेवावे. त्या दिवसांत क्योतोच्या कितानो तेन्मान्गू देवळात मिचिझानेच्या नावाने जपलेले उमेही फुललेले असते.